फेट्यामागची खुर्ची

"हौसा, तुझे वडील खाली येऊन बसलेत," असं आठल्येबाई दारातून म्हणाल्या, तेव्हा मी हौसाच्या अंबाड्यात गजरा माळत होते. हौसाच्या तोंडात दोन आकडे होते. एक तिच्या पदरात पडला. दुसरा ती बहुतेक गिळणार होती, पण मी वेळेवर काढून घेतला.

"कुणाचे वडील?" तिनं विचारलं.

"तुझेच. फेटा आहे, घोंगडी आहे, शेंगांची पिशवी आहे. मी म्हटलं, काम काय? तर म्हणाले, लेकीला न्यायला आलोय."

आठल्येबाई आमच्या वसतिगृहाच्या रेक्टर. हे त्या अशा आवाजात म्हणाल्या, जणू इस्त्रीचे कपडे आले आहेत.

गोष्ट फार जुनी आहे. त्या काळी परगावी फोन लावायचा तर आधी आमचा आवाज ऐकावा लागे. मी आणि हौसा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होतो आणि दादरला बायकांच्या वसतिगृहात एका खोलीत राहत होतो. मी वेंगुर्ल्याची. आमच्याकडे मूल रडायला लागलं तर आई उठायच्या आधी आजोबा म्हणतात, सूर बरा आहे. हौसा मात्र माण तालुक्यातल्या एका कोरड्या गावची. मुंबईत आली तेव्हा तिनं आयुष्यात एकच नाटक पाहिलं होतं, तेही शाळेतलं, आणि त्यात ती झाड झाली होती.

तिला मी बिघडवलं. हा शब्द माझा नाही, तो पुढे येणारच आहे. आठवड्यातली एक संध्याकाळ आमची असे. कधी सिनेमा, कधी नाटक, कुठल्या गणपतीपुढे किंवा मैदानात फुकट गाणं असेल तर ते. ऐपत बाल्कनीतल्या शेवटच्या रांगेची. तिथून नट कसे दिसत ते विचारू नका, पण नायिकेचा भांग सरळ पडलाय की नाही, एवढं आम्हाला पक्कं सांगता येई. मध्यंतरात बटाटेवडा, सुटल्यावर भेळ, आणि खोलीवर आल्यावर सगळं नाटक आम्ही दोघी पुन्हा करत असू. मी नायक, हौसा उरलेले सगळे.

आणि हौसाचं हसणं म्हणजे तर वेगळाच खेळ. आधी ती दम धरायची, मग खांदे हलायला लागायचे, आणि मग विहिरीवरचा रहाट हातातून सुटावा तसा आवाज व्हायचा. पहिले काही महिने ती तोंडात पदर कोंबून हसत असे. गावी तिला या हसण्यावरून फार बोलणी खावी लागली होती. बाईमाणसानं दात दाखवू नयेत, असं आत्या म्हणे, चुलत्या म्हणत, वडीलही म्हणत. पदर काढायला मला अर्धं वर्ष लागलं.

एकदा दिवा मालवल्यावर तिनं मला गावच्या जत्रेचं सांगितलं होतं. जत्रेत शाहीर येत. कुणाला कवन आवडलं की तो उठून फडापर्यंत जाई, बक्षीस देई, आणि शाहीर गाणं थांबवून त्याचं नाव आणि गाव सगळ्यांना ऐकू जाईल असं पुकारी. आवडलेलं गाणं तसंच फुकट ऐकून उठून जाणं तिकडे हलकटपणाचं समजत. हौसाचे वडील दर जत्रेत आपलं नाव पुकारून घेत. बायका बैलगाड्यांच्या मागे बसून ऐकत.

"बाईचं नाव पुकारल्यालं मी कदी ऐकलं न्हाई," हौसा म्हणाली होती आणि कूस बदलून झोपली होती.

तर त्या रविवारी आम्ही दोघी खाली गेलो. भेटीच्या खोलीत बाकावर तिचे वडील, म्हणजे आबा, बसले होते. फेटा एवढा मोठा होता की त्याच्याखाली माणूस आहे हे जरा वेळानं लक्षात यावं. ओरडणं नाही, आदळआपट नाही. शेंगांची पिशवी त्यांनी माझ्या हातात दिली, हौसाला "बरी हाईस का" विचारलं आणि मग गावचा वायरमन मुंबईला येऊन गेल्याचं सांगितलं.

एवढ्यावरच हौसाचा चेहरा उतरला. त्या वायरमननं तिला एका सिनेमाच्या थिएटराबाहेर दिवेलागणीनंतर पाहिलं होतं. भेळ खाताना पाहिलं ते एक वेळ चाललं असतं, पण ती भर रस्त्यात मोठमोठ्यानं हसत होती. गावी परत गेल्यावर त्यानं पारावर उभं राहून ते हसणं करून दाखवलं. चांगली गर्दी जमली होती म्हणे. लोकांनी त्याला आणखी एकदा करायला लावलं. ज्ञानोबा जगदाळ्यांची पोरगी मुंबईत बिघडली, हे त्या दिवशी गावात ठरून गेलं.

"राच्याला नवाची येष्टी हाय," आबा म्हणाले. "ट्रंक भर. नोकरी लय झाली."

एक्स्चेंजमध्ये बसून दिल्लीच्या साहेबांना "लाईन मोकळी नाही, थांबा" असं ठणकावून सांगणारी हौसा. ती वडलांपुढे एक अक्षर बोलली नाही. वर गेली आणि ट्रंक भरून घेऊन आली. डोक्यात गजरा तसाच होता. ट्रंक जमिनीवर ठेवताना जो आवाज झाला तो मला सहन झाला नाही, आणि माझी जीभ सुटली.

"आबा, पण आमची चार वाजताची तिकिटं काढलेली आहेत."

"कसली?"

हौसानं डोळे मिटून घेतले. मी म्हटलं, "नाटकाची."

त्यांनी ट्रंकेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मला वाटलं, आता फेटा उडणार.

"किती येळ चालतंय?"

"सातपर्यंत."

"मंग येष्टी काय चुकत न्हाई. मी बी येतो. पोरगी हितं काय बघती, त्ये एकडाव माझ्या डोळ्यांनी बघू दे. चांगलं आसंल तर चांगलं म्हनीन. वंगाळ दिसलं तर ट्रंक हाय भरल्याली."

माझ्या मनात अशा काही उकळ्या फुटल्या की मी शेंगांची पिशवीच पाडली. शेंगा गोळा करता करता मला आठवलं की आमची तिकिटं कुठल्या नाटकाची आहेत, आणि हातातल्या शेंगा पुन्हा खाली पडल्या.

नाटकाचं नाव होतं 'पलंगाखालचा पाहुणा'. मी ते आधी एकदा पाहिलेलं होतं. दुसऱ्या अंकात एक वकील परकर नेसून पलंगाखाली लपतात. तिसऱ्या अंकात त्याच पलंगाखाली आणखी दोघं सापडतात, त्यांतले एक वकीलसाहेबांचे सासरे. हसून हसून पोट दुखतं, पण माण तालुक्यातल्या फेट्याला दाखवण्यासारखं त्यात काही नाही. फार तर पलंग.

मी तडक आठल्येबाईंच्या खोलीत गेले. बाई संगीत नाटकाच्या वेड्या होत्या. त्याच दुपारी दादरच्या नाट्यमंदिरात 'संगीत रूपमंजुषा'चा प्रयोग होता आणि बाई मामेबहिणीला घेऊन निघायच्या तयारीत होत्या. मी त्यांच्यासमोर आमची दोन तिकिटं धरली आणि म्हटलं, बाई, अदलाबदल करा, एका मुलीच्या आयुष्याचा प्रश्न आहे. बाई कडक होत्या, पण भेटीच्या खोलीच्या दाराआड उभं राहून त्यांनी सगळं ऐकलेलं होतं. त्यांनी पर्समधून आपली तिकिटं काढली, आमची चष्म्याजवळ नेली आणि विचारलं, "हे कसलं नाटक आहे, कुमुद?"

"कौटुंबिक," मी म्हटलं. त्यात खोटं काहीच नव्हतं. सगळं कुटुंब पलंगाखाली होतं.

नाट्यमंदिराच्या पायऱ्यांशी आबा थांबले आणि त्यांनी वहाणा काढल्या. हौसा हळूच म्हणाली, आबा, हितं पायांत चालत्यात. ते म्हणाले, मंदिर लिवलंय की वर. वहाणा त्यांनी फडक्यात गुंडाळून काखेत मारल्या. मी खिडकीवर जाऊन तिसरं तिकीट काढलं. संगीत नाटकाला हाऊसफुल्लचा बोर्ड क्वचितच लागे, त्यामुळे ते मिळालं, आणि मिळालं ते नेमकं पाठीमागचं. बाईंचा गुडघा दुखायचा म्हणून त्यांच्या खुर्च्या तिसऱ्या रांगेत, वाटेच्या कडेला होत्या. कडेच्या खुर्चीवर आबा बसले, त्यांच्या डावीकडे हौसा. आणि चौथ्या रांगेत, बरोबर आबांच्या मागे, मी.

आयुष्यात पहिल्यांदा मी स्टेजच्या इतक्या जवळ बसले होते आणि मला दिसत होता फक्त फेटा.

तिसरी घंटा झाली, पडद्यामागून धुपाचा वास आला, ऑर्गन वाजला आणि नांदी सुरू झाली. आबांनी बसल्या जागी हात जोडले, एवढं मला दिसलं. पडदा वर गेल्यावर काय झालं ते मी सांगू शकत नाही. राजपुत्राचं काम नरहरबुवा आंबर्डेकर करत होते, हे आवाजावरून कळलं. बुवा साठीला आलेले, राजपुत्र बाविशीचा. ते पट्ट्यानं पोट आवळत आणि उडी मारायची जागा आली की आधी ऑर्गनवाल्याकडे बघून घेत. आम्ही दोघींनी खोलीवर त्यांची कितीदा नक्कल केली असेल त्याला गणती नाही. पण सूर लावला की वय कुठल्या कुठे जाई.

माझ्या शेजारी एक टोपीवाले गृहस्थ होते. ते म्हणाले, ताई, त्यांना जरा फेटा काढायला सांगा ना. मी म्हटलं, काका, माझ्यापुढे आहे आणि मी काही बोलत नाही, मग तुमचं काय जातं? आबांना फेटा काढायला सांगायची माझी छाती नव्हती. शिवाय मला आता नाटक बघायचंच नव्हतं. मला फेटा बघायचा होता. हौसाची नोकरी, आमची खोली, आमच्या संध्याकाळी, सगळं त्या फेट्यात काय चाललंय त्यावर होतं. तो डोलला तर जिंकलो, तो ताठ राहिला तर नवाची एस.टी.

फेटा डोलला नाही. ताठही राहिला नाही. पहिल्याच प्रवेशात तो डावीकडे वळला आणि तसाच राहिला.

मला काही समजेना. स्टेज समोर, गाणं समोर, आणि फेटा डावीकडे. डावीकडे भिंत होती, भिंतीवर पंखा होता. मी मनात म्हटलं, झालं, नाटक बघायलाही तयार नाहीत. राजकन्या बागेत आली, फेटा डावीकडे. सख्या गाऊन गेल्या, फेटा डावीकडे. मी मान इकडून काढली, तिकडून काढली, पुढच्या खुर्चीच्या पाठीवर हनुवटी टेकवून पाहिली. काही उपयोग झाला नाही.

मध्यंतरात मी तिघांसाठी बटाटेवडे आणले. हौसानं आपला वडा कागदातच ठेवला. आबांनी दोन वडे शांतपणे खाल्ले, मिशा पुसल्या आणि कागद घडी करून खिशात ठेवला. मी विचारलं, आबा, कसं वाटतंय? ते म्हणाले, "आजून संपलं कुठं." मी आणखी एक वडा पुढे केला. तोही त्यांनी खाल्ला, पण मत काही दिलं नाही.

दुसऱ्या अंकात विदूषकाचा प्रवेश होता. राजपुत्राचं पत्र समजून तो धोब्याचा हिशेब राजकन्येला वाचून दाखवतो. प्रवेश सुरू झाला आणि मला समोर हौसाचे खांदे दिसले. ते हलायला लागले होते. मी देवाला म्हटलं, आज नको. आज एक दिवस नको. मी पायानं तिची खुर्ची दाबली. तिनं दम धरला, पदर तोंडाशी नेला. तिकडे विदूषक म्हणाला, "आणि हे प्राणप्रिये, दोन उशांचे अभ्रे," आणि रहाट सुटला.

पण एक गंमत झाली. सगळं नाट्यगृहच हसत होतं. टोपीवाले काका माझ्या खांद्यावर पडले होते. पुढच्या रांगेतल्या एका जाड्या बाईंना ठसका लागला होता. त्या सगळ्यांत हौसाचा आवाज मिसळून गेला. एक माणूस मागे वळला नाही, एकानं डोळे वटारले नाहीत. वळलेला होता तो फक्त एक फेटा, आणि आता तो हलत होता. रागानं हलत होता की कसा, ते पाठीमागून कळायला मार्ग नव्हता.

मग तिसरा अंक आला. राजपुत्र राज्य सोडून निघतो, त्या वेळचं पद. नरहरबुवांनी ते असं म्हटलं की मी फेटासुद्धा विसरले. तान घेऊन ते समेवर आले आणि मागून पहिली आरोळी आली, "वन्समोर!" आणि मग चहूकडून सुरू झालं. संगीत नाटकाची ही जुनी रीत. पद आवडलं की प्रेक्षक वन्समोर म्हणतात आणि नट निमूट पुन्हा पहिल्या ओळीपासून गातो. राजपुत्र कितीही घाईत असो.

आबा हौसाकडे कलले. मला त्यांचं बोलणं स्पष्ट ऐकू आलं.

"काय म्हनत्यात ही मानसं?"

"पुन्यांदा गा म्हणत्यात, आबा."

"आन त्यानी गायाचं?"

"व्हय."

"आसंच? फुकाट?"

आणि माझ्यासमोरचा फेटा वर गेला.

आबा उभे राहिले होते. मला पहिल्यांदा स्टेज दिसलं. दोन खांब होते, रंगवलेला बगीचा होता आणि नरहरबुवांचं पोट होतं. ते मी पाहिलं न पाहिलं. आबा वाटेत उतरले. संपलं, मी मनात म्हटलं. अर्ध्यातून उठले. हौसानंही तेच ओळखलं. ती वडलांच्या मागे जायला मुकाट्यानं उठली, मांडीवरची पिशवी छातीशी धरली आणि दाराकडे वळली. वळताना तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, तक्रार नव्हती. "बरं, येते," असं होतं. मला रडू फुटलं.

आणि मग आम्हा दोघींच्या लक्षात आलं की आबा दाराकडे जात नाहीयेत. ते अनवाणी, वहाणांचं गाठोडं काखेत, सरळ स्टेजकडे निघाले होते.

"अहो, बसा, बसा," कुणीतरी म्हणालं. कुणीतरी हसलं. दारावरचा माणूस धावत निघाला. आबांना कशाचंच काही नव्हतं. ऑर्गनवाल्याच्या अंगावरून हात लांब करून त्यांनी स्टेजच्या कडेवर पाच रुपयांची नोट ठेवली, एक पाऊल मागे झाले आणि वाट बघत उभे राहिले. आता अख्खं नाट्यगृह हसायला लागलं. माझे कान तापले. मी तोंड झाकून घेतलं, पण बोटांच्या फटीतून बघत होते.

नरहरबुवांनी हात वर केला. राजपुत्र करतो तसा नव्हे, घरातला मोठा माणूस पोरांना गप्प करतो तसा. हसणं थांबलं. बुवा पुढे आले, पट्टा सांभाळत मोठ्या कष्टानं वाकले, नोट उचलली आणि कपाळाला लावली. मला पुढे कधीतरी कळलं की बुवांचं लहानपण एका फिरत्या कंपनीत गेलं होतं आणि हौसाच्याच सातारा भागातल्या जत्रांतून त्यांनी तंबूत दिवस काढले होते. त्या वेळी एवढंच ऐकलं, की राजपुत्राची भाषा एकदम बदलली.

"पाव्हणं, कुनाच्या नावानं पुकारू?"

"हौसाबाई ज्ञानोबा जगदाळे," आबा म्हणाले.

हौसानं माझं मनगट धरलं. तिच्या बांगड्या माझ्या हाताला रुतल्या.

"आन गाव?"

आबांनी मागे वळून पाहिलं. तिसऱ्या रांगेत त्यांची लेक पिशवी छातीशी धरून उभी होती, निघायच्या तयारीत. ते तिच्याकडे बघत राहिले. ऑर्गनवाला त्यांच्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता गावाचं नाव येणार.

"हितलंच," आबा म्हणाले. "मुक्काम दादर, मुंबई. टेलिफोन हापिसात नोकरीला हाय."

नरहरबुवा स्टेजच्या मधोमध गेले, छाती काढली आणि शेवटच्या रांगेतल्या माणसालाही झोपेतून जाग येईल अशा आवाजात त्यांनी पुकारलं, "हौसाबाई ज्ञानोबा जगदाळे, मुक्काम दादर, मुंबई, टेलिफोन हापिसात नोकरीला, यांच्याकडून पाच रुपये बक्षीस. कंपनी त्यांची आभारी आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. टोपीवाले काका उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि मला विचारत होते की या हौसाबाई कोण. मी बोट दाखवलं. हौसा धपकन खुर्चीत बसली. ती रडत होती की हसत होती ते तिलाच माहीत नव्हतं. रहाट सुटत होता आणि मध्येच अडकत होता. आबा परत आले, तिच्या शेजारी बसले आणि माझं स्टेज पुन्हा दिसेनासं झालं. बुवांनी पद पहिल्या ओळीपासून सुरू केलं. फेटा या वेळीही डावीकडेच होता.

वसतिगृहावर परतलो तेव्हा भेटीच्या खोलीत ट्रंक तशीच होती. आबांनी तिच्याकडे पाहिलं आणि हौसाला म्हणाले, ही वर न्हेऊन ठिव, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायांत येतीया. एवढंच. हौसानं ती जड ट्रंक अशी उचलली जशी रिकामी पिशवी, आणि दोन-दोन पायऱ्या गाळत वर गेली. मी आबांना फाटकापर्यंत सोडायला गेले. माझ्या अंगात आता भलतंच बळ आलं होतं.

"आबा, तुमच्या फेट्यामुळे मला नाटक काही दिसलं नाही."

"ठावं हाय. लय येळा मान काढत हुतीस."

"मग तुम्हाला तरी आवडलं का?"

"मी कुठं बघितलं?" आबा म्हणाले.

ते फाटकाच्या गजाला धरून उभे होते आणि आतल्या जिन्याकडे त्यांचे डोळे लागले होते.

"वायरमननं पारावर तिचं हसनं करून दावलं, तवा मला लाज वाटली. पर त्याला काय जमलं न्हवतं, बाय. त्यानं निस्ता आवाज केला. तिच्याकडं बघितलं आज मी. पार सुरवातीपास्नं बघितलं. घरात ती हसाय लागली की आमी लगीच गप कर म्हनायचो. म्हंजी फुडचं मी कदी बघितलंच न्हवतं."

तेवढ्यात टॅक्सी थांबली आणि आठल्येबाई उतरल्या. मामेबहीण पुढे निघून गेली होती. बाईंचा अंबाडा सुटला होता आणि चष्मा हातात होता. हौसाही तोवर खाली आली होती. बाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"कौटुंबिक?" त्या म्हणाल्या.

मी खाली मान घातली.

"कुमुद, मी या वसतिगृहाची रेक्टर आहे. तो वकील परकर नेसून पलंगाखाली शिरतो. आणि तिथे," बाईंनी ओठ घट्ट मिटले, पण ते मिटेनात, "तिथे त्याचे सासरे असतात. आणि सासरे त्याला विचारतात," आणि पुढचं वाक्य बाईंना काही केल्या पुरं करता येईना. त्या फाटकाला टेकल्या, डोळे पुसू लागल्या, पुन्हा सुरुवात करून पुन्हा सासऱ्यांपाशीच अडकल्या.

तेव्हा ते झालं. आधी आबांनी दम धरला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. आणि मग विहिरीवरचा रहाट हातातून सुटावा तसा आवाज झाला, हौसाच्याच घराण्यातला, पण दुप्पट मोठा. वरच्या सगळ्या खिडक्या उघडल्या. पोरी खाली वाकून बघायला लागल्या. हौसानं आश्चर्यानं वडलांकडे पाहिलं. मला वाटतं, तिनंही ते कधी शेवटपर्यंत पाहिलेलं नसावं. आणि मग तीही सुटली.

निघताना आबांनी डोळे फेट्याच्या शेमल्यानं पुसले आणि मला बाजूला बोलावून सांगितलं, म्होरल्या खेपंला त्यो पलंगाचा खेळ दाव. जत्रा झाली की येतो.

जत्रा झाली आणि ते खरंच आले. तिकिटं मी आधीच काढून ठेवली होती. खिडकीवरचा माणूस मला पहिल्या रांगेतली चांगली खुर्ची देत होता. मी नको म्हटलं. त्या दोघांच्या मागची मागून घेतली.